दुपारी घरी कोण असतं?

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर, 2016 सालच्या, चारच रकाने आहेत: नाव, पत्ता, फोन, नर की मादी. कुत्र्याचं पिल्लू न्यायला आलेल्या माणसाला आम्ही एवढंच विचारायचो. रविवारी अंबरनाथला खोक्यात पिल्लं घेऊन बसायचं, संध्याकाळी खोकं रिकामं झालं की वडापाव खाऊन घरी. त्यातली किती जगली ते आज सांगता येणार नाही, कारण विचारायला आम्ही कधी गेलोच नाही.

पहिला धडा पार्वोने दिला. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दिलेलं पिल्लू आठवड्यात गेलं. उलट्या, रक्ताची हगवण, दोन दिवसांत खेळ संपला. त्या घरातली मुलगी घुंगरू लावलेला लाल पट्टा परत द्यायला आली. तो अजून माझ्या खणात आहे. सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस, त्याआधी पिल्लू द्यायचंच नाही, असं तेव्हापासून ठरलं आणि वहीत पाचवा रकाना आला.

पण खरी चूक वेगळीच होती. आम्ही ‘चांगलं घर’ शोधत होतो. चांगलं म्हणजे मोठं. बदलापूरला पूर्वेकडे एका बंगल्यात, भोवती आंब्याची झाडं, मालक हौशी, म्हणून एक दणकट नर आनंदाने सोडून आलो. वर्षभराने सहज डोकावलो तर गेटला साखळी, मानेला जखम, पत्र्याच्या भांड्यात शेवाळलेलं पाणी. “राखणीलाच तर आणलाय,” काका म्हणाले. त्यांच्या लेखी त्यात गैर काहीच नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं, की कुत्रा हवाय कशाला?

त्याच सुमारास कॅम्प तीनच्या एका बराकीतून फोन आला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ती जुनी वस्ती. दीड खोली, पुढे साडीच्या फॉलचं दुकान. त्यांना हवा होता रिक्षाखाली येऊन एक पाय गमावलेला कुत्रा, ज्याला कोणी नुसतं बघायलाही आलं नव्हतं. जागा बघून आम्ही नकारच द्यायला निघालो होतो. पण त्या घरातल्या अम्मा दिवसभर गल्ल्यावर बसलेल्या असत आणि गुडघ्यांमुळे संध्याकाळी नाक्यापर्यंतच जात. तीन पायांचा कुत्रा आणि अम्मा, दोघांचा वेग नेमका जुळला. तो काउंटरखाली झोपायचा. गिऱ्हाईक रंग जुळवत बसलं की बाहेर येऊन जांभई द्यायचा.

त्या दिवशी वहीत नवा रकाना आखला: दुपारी घरी कोण असतं? आमच्या पट्ट्यात हा प्रश्न चौरस फुटांपेक्षा मोठा आहे. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. नवरा-बायको दोघं सकाळच्या लोकलने गेले की परत येईपर्यंत दिवस मावळलेला असतो. घर कितीही प्रेमळ असलं तरी बारा तास कडी लावलेलं.

जुलै 2019 मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली, तेव्हा पाण्यातून वाचलेली पिल्लं जिन्यांवर, टेरेसवर सापडत होती. घाईत दिली. काहींचं भलं झालं.

मग 2020. टाळेबंदीत फोन थांबेना. दुपारी घरी कोण असतं, या प्रश्नाला प्रत्येकाचं उत्तर एकच: सगळे! आणि ते खरंही होतं. 15 ऑगस्ट 2021 पासून लशीचे दोन डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, हळूहळू ऑफिसं भरली आणि कुत्री परत यायला लागली. एकाने दाराची चौकट कुरतडून लाकडाचा भुसा केला होता. दुसरी दिवसभर रडायची म्हणून सोसायटीने पत्र दिलं होतं. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, असं भारतीय पशू कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलंय. पण अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरू घरमालकापुढे तो कागद धरत नाही. म्हणून पुढचा रकाना: घर स्वतःचं की भाड्याचं?

एक वाक्य मात्र इतक्या वर्षांत बदललं नाही. “ताई, मादी नको, नर द्या.” सहाव्या महिन्यानंतर नसबंदी करून देतो म्हटलं तरी नको. त्यात ती काळी असेल तर विचारूच नका. नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट कौतुकाने सांगणारेही काळी मादी म्हटलं की फोन ठेवतात. तुपाची वाटी सोपी. पहाटे पाचला जागा पुसायला फडकं घेऊन उठणं कठीण.

2025 ने कामाचं रूपच पालटलं. 22 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, भटकं कुत्रं दत्तक घेता येईल, पण ते पुन्हा रस्त्यावर येऊ द्यायचं नाही. 7 नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बस आगारं, रेल्वे स्थानकं इथून कुत्री हलवायला आणि पुन्हा तिथे न सोडायला सांगितलं. “आमच्या फलाटावरच्याला घर बघा ना,” असे फोन सुरू झाले. भावना कळते. पण फलाटावर वाढलेला सहा वर्षांचा कुत्रा म्हणजे मोठं झालेलं पिल्लू नव्हे. शेकडो माणसांत निवांत झोपणारा तो बंद दाराला घाबरतो. अशांना आता पंधरा दिवस ‘बघायला’ देतो, जमलं नाही तर न रागावता परत घेतो. परत आलेलं कुत्रं म्हणजे अपयश, असं पूर्वी वाटायचं. आता तसं वाटत नाही. साखळीला बांधून ठेवलं तर वाटतं.

वहीत सध्या एक नोंद उघडी आहे. मादी, काळी, साधारण चार वर्षांची, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. फटाक्यांना घाबरते, मांजरांशी जमत नाही, म्हाताऱ्या माणसांच्या पायाशी बसायला आवडतं. कुळगाव ते उल्हासनगर, कुठेही चालेल, दीड खोलीही चालेल. दुपारी घरी कोणी असेल तर कळवा.