मरीन दलाचे रणगाडे गेले. जहाजें कोठें आहेत?

जहाजांतून जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणें हेंच ज्या सैन्याचें मुख्य काम, त्यानें पुढील काळांत कोणतीं आयुधें बाळगावींत, या प्रश्नावरून अमेरिकेंत २०२० पासून मोठा वाद माजला आहे. हें सैन्य म्हणजे १७७५ सालीं स्थापन झालेलें तेथील मरीन दल होय.

आपल्या उपयुक्ततेचा पुरावा देत राहणें हें या दलाच्या नशिबींच आहे. १९१५ सालीं गॅलिपोलीस ब्रिटिश व त्यांचे दोस्त यांची दुर्दशा झाल्यावर, तोफा रोखून बसलेल्या शत्रूसमोर उतरणें अशक्यच, असें पुष्कळ सेनानी म्हणूं लागले. तरीहि १९२१ सालीं अर्ल एलिस नांवाच्या मरीन अधिकाऱ्यानें पॅसिफिकमधील बेटें जपानशीं लढून कशीं घ्यावीं, याची योजना लिहून ठेविली. कल्पना खरी ठरली. साधनें मात्र तोकडीं होतीं. १९४३ च्या नोव्हेंबरांत तारावा येथें भरती भांगाची निघाली, होड्या प्रवाळाच्या खडकावर अडकल्या, आणि शिपायांना गोळ्यांच्या वर्षावांत छातीभर पाण्यांतून चालत जावें लागलें. खडक ओलांडूं शकणाऱ्या गाड्या होत्या, पण त्या पुरल्या नाहींत. तीन दिवसांत सुमारें १,००० मरीन पडले. पुढें १९४९ सालीं जनरल ब्रॅडली यांनीं, अशा मोठ्या स्वाऱ्या यापुढें होणार नाहींत, असें भाकित केलें; आणि १५ सप्टेंबर १९५० रोजीं मरीन कोरियांत इंचॉनला उतरले!

आतांचा वाद मात्र दलाच्या घरांतूनच उठला आहे. तत्कालीन प्रमुख जनरल डेव्हिड बर्गर यांनीं मार्च २०२० मध्यें सर्व रणगाडे काढून टाकण्याचें ठरविलें. तोफांच्या २१ तुकड्यांपैकीं पांचच ठेवून अग्निबाणांच्या तुकड्या सातांच्या एकवीस करण्याचें योजिलें. चीनच्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांपुढें मोठीं जहाजें किनाऱ्याजवळ नेणें धोक्याचें; तेव्हां लहान लहान टोळ्यांनीं बेटांवर दडून, जागा बदलीत, शत्रूचीं जहाजें बुडवावीं, हा त्यांचा विचार.

यावर क्रुलॅक, झिनी, व्हॅन रायपर असे निवृत्त सेनापति उघडपणें विरुद्ध उभे राहिले. कारभार सोंपविल्यावर वडिलधाऱ्यांनीं कितपत बोलावें, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरांतहि अपरिचित नसेल! परंतु त्यांचा आक्षेप केवळ जुन्याच्या मायेचा नव्हे. एकाच शत्रूकरितां दल कापून बेतलें, तर अन्यत्र प्रसंग आल्यास काय, असें ते विचारतात. युक्रेनच्या युद्धांतून दोन्ही पक्षांनीं आपापल्या सोयीचें तेवढें उचललें: एप्रिल २०२२ मध्यें किनाऱ्यावरील क्षेपणास्त्रांनीं रशियाचें 'मॉस्क्वा' जहाज बुडालें, हें एकानें, आणि त्याच युद्धांत तोफांवांचून कोणाचें चाललें नाहीं, हें दुसऱ्यानें.

आमच्या मतें रणगाडे सोडले यांत फारसें बिघडलें नाहीं. ते तेथील भूसेनेपाशीं आहेतच. तोफांच्या बाबतींत घाई झाली. पांचाचा आंकडा पुढें सातावर न्यावा लागला, यावरून तें दिसतेंच. पण योजनेचें खरें वैगुण्य जहाजांचें आहे. बेटावरील टोळीस पाणी व दारूगोळा कोणी पोंचवावा, जखमींना कोणी आणावें? याकरितां लहान जहाजें बांधावयाचीं होतीं. २०२४ संपेपर्यंत त्यांतील एकहि तयार झालें नव्हतें. त्याच डिसेंबरांत, कारखानदारांनीं सांगितलेल्या किंमती परवडेनात म्हणून मागणीपत्रच मागें घेण्यांत आलें. मोठीं जहाजें निदान ३१ असावींत, असा कायदा २०२२ सालीं झाला खरा. परंतु दोन वर्षांनीं सरकारी तपासनिसांनींच, असलेल्या जहाजांपैकीं निम्मीं वाईट स्थितींत आहेत, असा अहवाल दिला.