धामणकर नाका आणि सिग्नलचे गणित

भिवंडीतील धामणकर नाक्यावर कापडाचे टेम्पो, गोदामांचे मालट्रक, रिक्षा आणि पादचारी एकाच वेळी वाट शोधत असतात. ठरावीक सेकंदांचा सिग्नल अशा गर्दीला पुरत नाही. एका बाजूला रांग वाढते आणि दुसऱ्या बाजूला रिकाम्या रस्त्यावर हिरवा दिवा चालू राहतो. यावरचा उपाय म्हणजे गर्दीनुसार वेळ बदलणारा सिग्नल. कॅमेरे किंवा रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी वाहने टिपतात आणि संगणक हिरव्या दिव्याची वेळ कमीजास्त करतो, शेजारच्या चौकांशी तिचा मेळही घालतो. सिडनीची ‘स्कॅट्स’ आणि ब्रिटनची ‘स्कूट’ या यंत्रणा १९७०च्या दशकात आकाराला आल्या. त्या शिस्तीत मार्गिका पाळणाऱ्या रहदारीसाठी घडल्या होत्या. मिळेल त्या फटीत वाहन घुसते तिथे वेटोळ्यांपेक्षा कॅमेरा अधिक उपयोगी ठरतो. नुसती संख्या मात्र पुरेशी नाही. भरलेला ट्रक जागचा हलायलाच वेळ घेतो, म्हणून वाहनाचा प्रकारही ओळखावा लागतो. ठाणे–भिवंडी–कल्याण या २४.९ किलोमीटरच्या ‘मेट्रो ५’ मार्गावर धामणकर नाका हे नियोजित स्थानक आहे. तेथे उतरणाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी लागणारे सेकंदही याच हिशेबात धरायला हवेत.