ती कोण? स्मारकांवरील आणि टपाल तिकिटांवरील रूपकमूर्ती



मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मुख्य घुमटावर एक बाई उभी आहे. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या बाजूला आऱ्यांचे चाक. तुमच्यापैकी अनेकांनी ती खालून पाहिली असेल, आणि गाडीच्या घाईत विसरलीही असेल. कोणी तिला राणी व्हिक्टोरिया समजतात, कोणी विलायती देवी. ती दोन्ही नव्हे. तिचे नाव ‘प्रगती’. अशी कोणी बाई हाडामांसाची कधी नव्हती; एका कल्पनेला शिल्पकाराने देह दिला, एवढेच. खरी राणी तिच्या खाली, दर्शनी भागातल्या कोनाड्यात होती. स्वातंत्र्यानंतर राणीचा पुतळा तिथून निघाला. प्रगती आहे तिथेच आहे, आणि तिला उतरवा असे कोणी म्हटल्याचेही ऐकिवात नाही.

या एका फरकात आजचा सारा विषय आहे. राणीला चेहरा होता, म्हणून राज्याबरोबर ती गेली. प्रगतीला स्वतःचा चेहरा नाही, म्हणून नव्या धन्यालाही ती चालली. अशा मूर्तींना आपण रूपकमूर्ती म्हणू. त्या देवता नव्हेत, कारण त्यांची पूजा होत नाही. त्या व्यक्तिचित्रेही नव्हेत. न्याय, स्वातंत्र्य, शांतता, व्यापार, देश अशा न दिसणाऱ्या गोष्टी दिसाव्यात म्हणून केलेली ती सोय आहे. त्याच टर्मिनसच्या फाटकाच्या खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसवलेले आहेत. सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे हिंदुस्थान.

मग त्या ओळखायच्या कशा? आपल्याकडे याचे उत्तर फार जुने आहे. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत नेमिनाथ आहेत. कोणत्याही जिनमंदिरात जा, तीर्थंकरांच्या मूर्ती चेहऱ्याने सारख्याच असतात. तीच ध्यानमुद्रा, तीच अर्धोन्मीलित दृष्टी. ओळख पटते ती लांछनावरून. बैल असेल तर ऋषभनाथ, शंख असेल तर नेमिनाथ, सिंह असेल तर महावीर. (व्यवहारातल्या मराठीत ‘लांछन’ म्हणजे बट्टा, मूर्तिशास्त्रात मात्र ती निव्वळ खूण आहे.) हिंदू मूर्तींत हेच काम आयुधे आणि वाहने करतात. तीर्थंकर अर्थातच रूपके नव्हेत, पण वाचण्याची रीत तीच. युरोपात १५९३ साली चेझारे रिपा या इटालियन गृहस्थाने ‘इकोनोलोजिया’ नावाचा ग्रंथ काढला. कोणत्या गुणाला कोणते वस्त्र, हातात काय आणि पायाशी कोणता प्राणी, याचा तो जणू कोशच होता. पुढे दोन शतके चित्रकार आणि शिल्पकार तो उशाशी घेऊन बसले.

मी होमिओपॅथीचा माणूस. एका लक्षणावरून औषध काढायचे नाही, लक्षणांचा समुच्चय पाहायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकवतात. रूपकमूर्तीचेही तसेच आहे. नुसती मशाल पाहून ‘स्वातंत्र्य’ म्हणाल तर घुमटावर फसाल. शेजारचे चाकही पाहावे लागते. आमच्याच व्यवसायातले उदाहरण देतो. कित्येक डॉक्टरांच्या गाडीवर पंख असलेली आणि दोन सापांची काठी चिकटवलेली दिसते. वैद्यकाचा ग्रीक देव अस्क्लेपियस, त्याच्या काठीला साप एकच, पंख नाहीत. दोन सापांची काठी मर्क्युरीची, आणि मर्क्युरी हा व्यापाऱ्यांचा देव. चोरांचाही. रोग्यांच्या हे लक्षात आलेले नाही, हे आमचे नशीब.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे एका टोपीकडे वळतो.

प्राचीन रोममध्ये गुलामाला मुक्त केले की त्याच्या डोक्यावर लोकरीची एक टोपी घालत. इ.स.पू. ४४ मध्ये सीझरचा खून झाल्यावर ब्रूटसने जे नाणे पाडले त्यावर दोन खंजीर आहेत आणि मध्ये हीच टोपी. रोम आता गुलाम नाही, असे सांगणारी. पुढे या टोपीची फ्रिजिया प्रांतातल्या, शेंडा पुढे झुकलेल्या टोपीशी गल्लत झाली आणि ती गल्लतच रूढ झाली. १७९२ च्या सप्टेंबरात फ्रान्सने राजेशाही मोडली. तोवर सरकारी शिक्क्यावर राजा असे. राजा गेला, शिक्का तर हवाच, मग त्यावर कोणाचा चेहरा घालायचा? ठरले असे की, प्राचीन वेशातली एक उभी स्त्री, तिच्या हाती भाला आणि भाल्याच्या टोकावर ही टोपी. खेड्यापाड्यातल्या पोरीचे साधे नाव तिला चिकटले, मारियान.

टोपी लाल, रस्त्यावरच्या क्रांतिकारकांची. म्हणून सभ्य लोकांना तिचा धसका. १८४८ मध्ये फ्रान्समध्ये दुसरे प्रजासत्ताक आले तेव्हा नवा शिक्का झाला. त्यात बाई बसवलेली आहे, आणि डोक्यावर टोपीऐवजी सूर्यकिरणांचा मुकुट. उभी होती ती बसली, टोपी गेली, किरणे आली. याच प्रजासत्ताकाने १ जानेवारी १८४९ रोजी फ्रान्सचे पहिले टपाल तिकीट काढले. त्यावर गव्हाच्या लोंब्या माळलेले सीरिज या धान्यदेवतेचे मुख आहे. धान्य पिकवणाऱ्या देवीला कोण हरकत घेणार?

पण हरकत घेणारा निघालाच. लुई-नेपोलियनने सत्ता बळकावली आणि १८५२ मध्ये तिकिटावर सीरिज जाऊन त्याचा स्वतःचा चेहरा आला. गंमत पाहा, चेहरा त्याचा, पण अक्षरे अजून ‘प्रजासत्ताक’ अशीच. ‘साम्राज्य’ हा शब्द पुढच्या वर्षी उमटला. चेहरा आधी बदलतो, कायद्याची भाषा मागून येते. १८७० मध्ये तो युद्धात हरला, पॅरिसला वेढा पडला, आणि त्या वेढ्यात टपालखात्याने सीरिज पुन्हा छापायला घेतली. नवी बाई घडवायला सवड कुठे होती! तिकिटांचे अल्बम जमवणाऱ्यांना मुले समजून हसू नका. या तीन तिकिटांत वीस-बावीस वर्षांचा राजकीय इतिहास आहे.

तिसऱ्या प्रजासत्ताकात टोपी परतली. पॅरिसच्या रेपुब्लिक चौकात १८८३ साली लिओपोल मोरिसची भव्य ब्राँझमूर्ती उभी राहिली. टोपी घातलेली, हातात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्या हाताखाली मानवी हक्कांची पाटी. चौथऱ्यावर स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन स्त्रिया बसल्या आहेत, आणि पायथ्याशी एक सिंह मतपेटी राखत आहे. या सिंहापाशी जरा थांबा. ही मतपेटी ‘सार्वत्रिक’ मताधिकाराची. प्रजासत्ताक बाई, स्वातंत्र्य बाई, समता बाई, बंधुतासुद्धा बाईच. पण त्या पेटीत मत टाकण्याचा हक्क फ्रान्समधल्या एकाही जिवंत बाईला नव्हता. तो १९४४ मध्ये मिळाला आणि पहिले मत १९४५ च्या एप्रिलमध्ये पडले, म्हणजे सिंह बसल्यावर बासष्ट वर्षांनी. माझे मत असे की, बाईची मूर्ती करणे सोपे पडत होते ते याचमुळे. तिच्यात कोणा पुढाऱ्याचा चेहरा दिसण्याची भीती नव्हती.

हे अटलांटिकपलीकडेही घडले, आणि तिथे जास्त बोचते. वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या घुमटासाठी थॉमस क्रॉफर्डने ‘स्वातंत्र्य’ची मूर्ती योजली आणि तिला ही टोपी घातली. बांधकाम ज्या युद्धमंत्र्याच्या अखत्यारीत होते त्याने, जेफरसन डेव्हिसने, टोपीला नकार दिला. ती मुक्त झालेल्या गुलामाची खूण, आणि आम्ही तर जन्मतः स्वतंत्र, असा त्याचा युक्तिवाद. डेव्हिस स्वतः गुलामांचा मालक होता. शेवटी टोपीच्या जागी गरुडाच्या पिसांचे शिरस्त्राण आले. मूर्ती ओतण्याच्या कामावर फिलिप रीड नावाचा एक गुलाम कारागीर होता. प्लास्टरचा नमुना अखंडपणे सुटा कसा करायचा ही अडचण त्यानेच सोडवली. १८६२ मध्ये राजधानीतली गुलामगिरी कायद्याने संपली आणि रीड मुक्त झाला. २ डिसेंबर १८६३ रोजी मूर्ती घुमटावर चढली तेव्हा डेव्हिस बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष होता. टोपी मात्र आजही तिच्या डोक्यावर नाही.

न्यूयॉर्कच्या बंदरातली बार्थोल्डीची प्रसिद्ध स्वातंत्र्यदेवीही टोपीवाचूनच आहे; तिला १८४८ च्या शिक्क्यासारखी किरणे आहेत. गुलामगिरीची आठवण तिच्या पायाशी तुटलेल्या साखळीत आहे, पण ती बंदरातून दिसत नाही. २८ ऑक्टोबर १८८६ ला अनावरण झाले त्या दिवशी मताधिकार मागणाऱ्या स्त्रिया एक बोट भाड्याने घेऊन तिथे निषेधाला गेल्या होत्या. ज्या देशात बाईला मत नाही तिथे स्वातंत्र्याला बाईचे रूप कशाला, एवढाच त्यांचा प्रश्न.

फ्रान्सच्या तिकिटांकडे परत येतो, कारण तिथे ऑस्कार रोतीची ‘पेरणारी’ आहे, आणि मला ती सर्वांत आवडते. आधी नाण्यावर आली, १९०३ मध्ये तिकिटावर. टोपी घातलेली, अनवाणी, चालता चालता बी फेकणारी. शेतकऱ्यांनी लगेच चूक काढली, वाऱ्याच्या विरुद्ध कोणी पेरते का? मागे सूर्य उगवतो आहे आणि उजेड मात्र तिच्या पुढून पडतो आहे, हीही तक्रार झाली. १९०६ मध्ये सूर्य काढून टाकला. बाई राहिली. युरोच्या १०, २० आणि ५० सेंटच्या नव्या फ्रेंच नाण्यांवर ती २०२४ पर्यंत पेरतच होती.

मध्ये एकदा तिला आणि तिच्या बहिणींना घालवून देण्यात आले. १९४० मध्ये जर्मनीपुढे हार पत्करलेल्या व्हिशी सरकारने ‘प्रजासत्ताक’ हा शब्दच टाकला. तिकिटांवर म्हाताऱ्या मार्शल पेतांचा चेहरा आला, कित्येक नगरपालिकांतून मारियानचे अर्धपुतळे हलले, आणि धातूसाठी सार्वजनिक ब्राँझचे पुतळे वितळवले गेले. उलट बाजूने, स्वतंत्र फ्रान्सने परत येताना आपल्याबरोबर काय आणले? मारियानची तिकिटे. एक अल्जियर्समध्ये निघाले, एक लंडनमध्ये छापले. १९४५ चे पियेर गांदोंचे तिकीट आले तेव्हा चेहऱ्यासाठी त्याची बायकोच बसली होती. त्याच वसंतात तिकिटावरच्या बाईच्या देशातल्या बायका पहिल्यांदा मतपेटीपर्यंत पोहोचल्या.

आपण स्वतंत्र झालो तेव्हा आपल्या तिकिटांवर इंग्रजांचा राजा होता. त्याच्या जागी कोणी बाई आली नाही. १९४७ च्या अखेरीस ध्वज आला, अशोकाचे सिंह आले. १५ ऑगस्ट १९४९ च्या मालिकेत अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, नटराज, विजापूरचा गोलघुमट आणि सर्वांत महाग, १५ रुपयांच्या तिकिटावर शत्रुंजयाची जिनमंदिरे. भारतमाता का नाही? अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९०५ मध्ये तिला रंगवले होतेच, चार हात, त्यांत पोथी, धान्याची लोंबी, वस्त्र आणि माळ. मला वाटते अडचण त्या चार हातांतच आहे. आपल्या मातीत कोणत्याही स्त्रीच्या हाती आयुध दिले की आपण हात जोडतो. रूपक दोन दिवसांत देवता होते. काशीच्या भारतमाता मंदिरात, ज्याचे उद्घाटन १९३६ साली गांधीजींनी केले, मूर्तीच नाही. संगमरवरात कोरलेला देशाचा नकाशा आहे. फार शहाणपणाची युक्ती होती ती.

खुणा बदलण्याचे काम आजही चालू आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती आली. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि तलवारीऐवजी हातात संविधान आहे. यावर बराच वाद झाला. वाद घालणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की १४९४ च्या बाझेल इथल्या एका पुस्तकात एक मूर्ख न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधताना दाखवला आहे. तिथे ती पट्टी टिंगल होती, निःपक्षपातीपणाचा अर्थ तिला नंतर लागला.

आणि मुंबईला गेलात तर फ्लोरा फाउंटनपाशी उभे राहा. १८६४ चे ते कारंजे, वर फुलांची रोमन देवता फ्लोरा. तिच्या शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक, मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी. फ्लोराला त्यासाठी हलवावे लागले नाही. कामगार-शेतकऱ्यांनाही तिच्यासारखेच स्वतःचे नाव नाही, पण बेळगावहून गेलेला माणूस त्यांच्यासमोर ‘हे कोण?’ असे विचारत नाही.