कालाकुंडचा घाट

उज्जैनला येणारा मराठी यात्रेकरू बहुधा महाकालेश्वराचे दर्शन घेतो, क्षिप्रेत स्नान करतो आणि सवड असल्यास ओंकारेश्वर करून परततो. इंदूरहून ओंकारेश्वराकडे मोटारीने जाताना भेरूघाटाची वळणे लागतात. माळव्याचे पठार येथे संपते व नर्मदेचे खोरे सुरू होते, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. विंध्याची हीच कड आगगाडीने कशी ओलांडली, हे पाहावयाचे असेल तर मात्र महूजवळच्या पातालपानीस उतरून कालाकुंडची छोटी गाडी धरली पाहिजे. यात्रेत एक दिवस वाढवावा लागेल, पण तो वाया जाणार नाही.

या लोहमार्गाचा जन्म मोठा मनोरंजक आहे. मुंबईहून जबलपूरकडे जाणारी जी.आय.पी. रेल्वे खांडव्यावरून गेली आणि इंदूर बाजूला पडले. राजधानी रेल्वेस जोडली जावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. संस्थानिकाने इंग्रज सरकारास कर्ज द्यावे, हा त्या काळी थोडा उलटाच प्रकार म्हणावयाचा! या पैशातून 1870च्या दशकात खांडवा ते इंदूर हा मीटरगेज मार्ग तयार झाला. दोन रुळांत अवघे एक मीटर अंतर ठेवण्याचे कारण काटकसर हेच होते. अरुंद मार्गास डोंगर कमी फोडावा लागतो, वळणे अधिक तीव्र घेता येतात आणि पूलही हलके चालतात. पुढे स्वातंत्र्यानंतर खांडव्यापासून अकोला-हिंगोलीकडे जोड मिळाली, आणि वऱ्हाड-मराठवाड्यातील माणसे गाडी न बदलता या घाटातून माळव्यात येऊ लागली. जयपूर ते काचीगुडा धावणारी मीनाक्षी एक्स्प्रेस आजही जुन्या प्रवाशांच्या बोलण्यात येते.

पातालपानी ते कालाकुंड हे अंतर सुमारे साडेनऊ किलोमीटरच आहे. परंतु या टप्प्याचा चढ चाळीसास एक असा आहे, म्हणजे चाळीस फूट पुढे जावे तर एक फूट वर चढावे लागते. बैलगाडीस हा चढ काहीच नव्हे. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते तेव्हा पकड फार थोडी असते. हाच चढ तेथे एंजिनाचा दम काढतो. म्हणून खालून येणाऱ्या गाडीस कालाकुंडला मागे आणखी एक एंजिन लावीत. पुढचे ओढी, मागचे ढकली आणि दोघे मिळून गाडी पठारावर आणीत. उतरताना भीती उलट दिशेची असे. गाडीचे ब्रेक नीट लागतात की नाही, हे पाहिल्यावाचून ती घाटात सोडीत नसत.

आता जी गाडी धावते ती केवळ प्रवासाच्या आनंदासाठी. 25 डिसेंबर 2018 रोजी ही हेरिटेज गाडी सुरू झाली. पावसाळ्यात तिचे खरे दिवस असतात. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस चोरल नदीची दरी, मध्येच बोगद्याचा काळोख आणि तो संपताच समोर हिरवागार उतार. पातालपानीचा धबधबा गाडीतूनच डोळे भरून पाहता येतो, आणि तो तसाच पाहावा. 2011च्या जुलैत येथे अचानक लोंढा आला आणि प्रवाहात उभी असलेली सहलीची माणसे वाहून गेली. वर पठारावर कोठे पाऊस पडला, हे खाली उभ्या असलेल्यास कळत नाही. उन्हाळ्यात हाच प्रपात जवळजवळ आटतो, म्हणून वैशाखात जाणाऱ्याने फार अपेक्षा ठेवू नये.

पातालपानीजवळ टंट्या भिल्लाचे ठाणे आहे. सावकार व सरकार यांच्याविरुद्ध उठलेल्या या वीरास 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फाशी दिले. त्याचा देह येथे रुळांजवळ आणून टाकला, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्यास वंदन केल्यावाचून गाडी पुढे जात नसे, असे परिसरातील लोक सांगतात. चालक शिटी देऊन मानवंदना देत. तीव्र उतारापूर्वी गाडी येथे थांबवावी लागते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. पण एका कारणाने दुसरे खोटे ठरत नाही.

कालाकुंड हे डोंगरांच्या कुशीतले लहानसे गाव. स्थानकावर पळसाच्या पानावर मिळणारा कलाकंद ही त्याची ख्याती. कित्येक वर्षे येथे गाड्या थांबत, एंजिन जोडण्यास वेळ लागे आणि तेवढ्यात प्रवासी खिडकीतून कलाकंद घेत. गाडीचा चढ गावाच्या पोटाला उपयोगी पडला तो असा.

हाच चढ पुढे त्याच्या मुळावर आला. रुंद मार्गाच्या लांब व जड गाड्या चाळीसास एक चढावर नेणे परवडणारे नाही. म्हणून नवा ब्रॉडगेज मार्ग सौम्य उताराने, वळसा घेऊन आणि बोगद्यांतून काढावयाचे ठरले, आणि कालाकुंड त्यातून सुटले. 2023च्या प्रारंभी महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज वाहतूक बंद झाली. घाटाचा तुकडा तेवढा वारसा म्हणून राखला, हे चांगलेच झाले. परंतु पर्यटकांची गाडी म्हणजे गावकऱ्यांची गाडी नव्हे. तिला हंगाम असतो, तिचे दिवस ठरलेले असतात, आणि दवाखाना किंवा बाजार गाठावयाचा झाल्यास तिची वाट पाहून भागत नाही. रुळ राहिले, पण रोजच्या येण्याजाण्याची सवय तुटली. सहलीस जाणाऱ्याने डबा घरून नेला तरी कलाकंद मात्र गावातच घ्यावा, हे सुचवावेसे वाटते ते याच कारणाने.

उज्जैनहून निघणाऱ्याने सकाळच्या गाडीने इंदूर गाठावे. फतेहाबादचा जुना मीटरगेज फाटा रुंद होऊन 2021 पासून पुन्हा वापरात आला आहे, त्यामुळे देवासच्या वळशावाचूनही जाता येते. इंदूरहून महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर, आणि तेथून थोड्याच अंतरावर पातालपानी. हेरिटेज गाडीचे दिवस व वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून त्या आधी विचारून घेणे बरे. परतीच्या वेळी गाडीच्या मागील बाजूस बसावे. वळणावर पुढे चढणारे एंजिन तेथूनच दिसते.