दिल्लीच्या कोरड्या थंडीत फाउंडेशन एकसारखे का बसत नाही?

नवी दिल्ली : मकरसंक्रांत उलटली की राजधानीत दोन गोष्टींची लगबग एकाच वेळी दिसू लागते. धनुर्मासामुळे थांबलेले विवाहमुहूर्त पुन्हा सुरू होतात. आणि शाहजहान मार्गावरील धौलपूर हाऊसमध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या व्यक्तिमत्त्व चाचण्यांसाठी देशभरातून उमेदवार येत असतात. अलीकडच्या वर्षांत या चाचण्या हिवाळ्यातच सुरू होऊन अनेक आठवडे चालत आल्या आहेत. दोन्ही निमित्तांनी महाराष्ट्रातील अनेक तरुणी या दिवसांत दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्राम येथे मुक्कामाला असतात. पुण्यात वा सांगलीत कधी तक्रारीला जागा न देणारी प्रसाधने त्यांच्याबरोबर असतात आणि पहिल्याच सकाळी आरसा वेगळेच चित्र दाखवतो. द्रवरूप फाउंडेशन नाकाच्या कडेला पापुद्र्यासारखे उभे राहते, गालांवर पट्टे उमटतात आणि दुपारपर्यंत ओठांभोवती बारीक भेगा दिसू लागतात.

अशा वेळी दोष बहुधा बाटलीला दिला जातो आणि दुसरी, अधिक महाग बाटली खरेदी केली जाते. प्रत्यक्षात कारण दिल्लीच्या हवेत आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या, मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ अशा थरात असते. ते लक्षात घेतल्यास जुनी बाटलीही बहुतेक वेळा पुरेशी ठरते.

धुके असूनही हवा कोरडी

दिल्लीत जानेवारीतील किमान तापमान सरासरी ७ ते ८ अंश सेल्सिअस असते आणि अनेक सकाळी शहर दाट धुक्यात बुडालेले असते. आकाशवाणीच्या हवामानवृत्तात सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे गेल्याचे ऐकून हवा दमट आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि, हा समज फसवा आहे. थंड हवेत बाष्प सामावण्याची क्षमताच कमी असते. ७ अंश तापमानाची पूर्ण संपृक्त हवा एका घनमीटरमध्ये जेमतेम पावणेआठ ग्रॅम बाष्प धरते. २४ अंशांना तीच क्षमता सुमारे २२ ग्रॅम होते. म्हणजेच बाहेरची धुकट हवा खोलीत शिरली आणि हीटरने ती २४ अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. ही तहानलेली हवा मग मिळेल तेथून पाणी शोषते. त्यात चेहराही आला. पंख्याचा हीटर थेट तोंडावर सोडून तयार होणे हा त्यामुळे सर्वांत वाईट पर्याय होय.

त्वचेच्या या वरच्या थराची तुलना विटांच्या भिंतीशी केली जाते. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. थरातील पाण्याचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांखाली गेले की विटा कडक होतात, कडांपासून सुटतात आणि त्यांचे पापुद्रे वर उचलले जातात. मराठीत आपण त्वचा ‘उलली’ किंवा ‘फुटली’ म्हणतो, ती हीच अवस्था. कडक साबण आणि अतिशय गरम पाणी हा चुनाच धुऊन नेतात. राजधानी क्षेत्रातील ज्या वसाहती कूपनलिका आणि टँकरवर अवलंबून आहेत, तेथे पाणी जड असते. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसणारा तो पांढरट थर त्वचेवरही राहतो.

बाटलीत काय असते

द्रवरूप फाउंडेशन हे पाणी आणि तेल, अथवा पाणी आणि सिलिकॉन यांचे दुधासारखे मिश्रण असते. शास्त्रीय परिभाषेत त्यास पायस म्हणतात. त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी आणि लोहाच्या ऑक्साइडांची पिवळी, लाल व काळी भुकटी तरंगत असते. या चार रंगांच्या प्रमाणावरच छटा ठरते. लावल्यानंतर पाणी व बाष्पनशील सिलिकॉन उडून जातात आणि रंगाचा पातळ पडदा मागे उरतो.

नितळ, ओलसर त्वचेवर हा पडदा पसरण्यास अवधी मिळतो. कोरड्या त्वचेवर मात्र सुटलेले पापुद्रे मिश्रणातील द्रव झटकन शोषून घेतात, रंगकण त्यांच्या कडांना अडकतात आणि हात पुढे सरकण्यापूर्वीच पडदा सुकतो. ‘मॅट’ प्रकारच्या फाउंडेशनमध्ये सिलिका, केओलिन यांसारखे तेल शोषणारे घटकही असतात. मुंबईच्या दमट हवेत ते उपकारक असतात. दिल्लीच्या जानेवारीत तेच चेहरा पिठूळ करतात. पापुद्रे झाकण्यासाठी आणखी फाउंडेशन आणि त्यावर पावडर, हा नेहमीचा उपाय म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीवर रंगाचा दुसरा हात देण्यासारखे आहे.

या संदर्भात आजी-पणजीच्या काळातील एक भेद आठवण्यासारखा आहे. मुंबईत इ. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये बाजारात आणलेला ‘अफगाण स्नो’ घराघरांत पोहोचला होता. स्नो म्हणजे त्वचेत ‘नाहीसे’ होणारे, पाण्याचे प्रमाण अधिक असलेले क्रीम. त्यावर पावडर छान बसे. कोल्ड क्रीम हे त्याच्या उलट, तेलाचे प्रमाण अधिक असलेले. त्याचे मूळ दुसऱ्या शतकातील रोमन वैद्य गॅलेन याच्या मेण, तेल आणि गुलाबपाण्याच्या लेपापर्यंत नेले जाते. उन्हाळ्यात स्नो आणि थंडीत कोल्ड क्रीम, हा तेव्हाच्या गृहिणींचा साधा नियम होता. आज बाटल्यांवरील नावे बदलली असली, तरी ‘जेल’ आणि ‘वॉटर’ म्हणून विकली जाणारी हलकी मॉइश्चरायझर ही स्नोच्याच कुळातील असून उत्तरेच्या थंडीत एकटी पुरत नाहीत. नरक चतुर्दशीला आधी तेल आणि मग स्नान, हा क्रमही थंडीच्या तोंडावरच येतो, हे जाता जाता नमूद करावयास हवे.

पूर्वतयारी

फाउंडेशन एकसारखे बसण्याचे बहुतेक काम ते लावण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागते. सुटलेले पापुद्रे काढावयाचे असल्यास ते दोन दिवस आधी, लॅक्टिक आम्ल किंवा युरिया असलेल्या सौम्य क्रीमने काढावेत. त्याच दिवशी सकाळी खरखरीत स्क्रबने चेहरा घासल्यास पापुद्रे जातात, परंतु खालची त्वचा लाल होते आणि तासाभरात नवे पापुद्रे उचलतात. मुलतानी माती आणि बेसन हे दोन्ही तेल शोषणारे पदार्थ असल्याने या हवेत कार्यक्रमाच्या दिवशी टाळणेच इष्ट. लिंबाचा रस कोणत्याही ऋतूत चेहऱ्याला लावण्याजोगा नाही.

सकाळी कोमट पाणी आणि साबणविरहित सौम्य क्लेन्झर पुरेसे होते. चेहरा टॉवेलने टिपावा, रगडू नये आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे. ही वेळ महत्त्वाची असते, कारण ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल यांसारखे घटक पाणी धरून ठेवतात. पाणी निर्माण करीत नाहीत. कोरड्या खोलीत कोरड्या त्वचेवर नुसते ग्लिसरीन लावल्यास ते खालच्या थरांतील पाणी वर ओढते आणि ते पाणी हवेत जाते. म्हणून त्यावर ते अडवणारा स्निग्ध थर हवा. नाकपुड्यांच्या कडा, ओठांभोवती आणि भुवयांमध्ये जिथे त्वचा अधिक ओढल्यासारखी वाटते, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली बोटाने दाबून लावावी. कोकणात टाचा आणि ओठ फुटल्यावर वापरले जाणारे कोकमाचे भिरंडेल हेही याच जातीचे काम करते. मात्र चेहऱ्यावर ते अगदी अल्प असावे.

यानंतर किमान दहा मिनिटे थांबावे. घाईच्या सकाळी हीच पायरी गाळली जाते आणि बिघाडाचे मोठे कारणही तीच असते. न मुरलेल्या क्रीमवर फाउंडेशन घसरते आणि त्याच्या रबरासारख्या गोळ्या वळतात. दिवसाचा कार्यक्रम असल्यास सनस्क्रीन लावून आणखी काही मिनिटे द्यावीत. शेवटी टिश्यू कागद हलकेच दाबून जादा स्निग्धता टिपून घ्यावी. प्रायमर वापरावयाचा असल्यास त्याची आणि फाउंडेशनची जात एकच असावी. सिलिकॉनच्या थरावर पाण्याचे प्रमाण अधिक असलेले फाउंडेशन फाटते.

लावण्याची रीत

बाटलीतील रंगकण तळाशी बसतात, त्यामुळे ती आधी हलवावी. वाटाण्याएवढे फाउंडेशन हाताच्या पाठीवर घेऊन बोटाने थोडे फिरवावे. थंडीत घट्ट झालेले मिश्रण शरीराच्या उबेने सैल होते. सुरुवात चेहऱ्याच्या मध्यापासून, म्हणजे नाकाच्या बाजूने गालांकडे करावी. जबड्यापर्यंत पोहोचेतो थर आपोआप विरळ होतो आणि मानेशी रेघ दिसत नाही.

बोटांनी पसरल्यानंतर ओला करून घट्ट पिळलेला स्पंज चेहऱ्यावर टिपत जावा. ओला स्पंज चित्रपटसृष्टीला नवा नाही. मॅक्स फॅक्टर कंपनीने रंगीत चित्रपटांसाठी तयार केलेला आणि १९३८ च्या सुमारास सर्वसामान्यांसाठी बाजारात आणलेला ‘पॅनकेक’ ओल्या स्पंजानेच लावला जाई आणि मुंबईच्या रंगभूषाकारांच्या पेटीत तो अनेक दशके होता. द्रवरूप फाउंडेशनच्या बाबतीत स्पंजाचे काम निराळे असते : तो जादा रंग उचलतो आणि पापुद्रे खाली दाबतो. कोरड्या त्वचेवर ब्रश गोलाकार फिरवल्यास मात्र बसलेले पापुद्रे पुन्हा उभे राहतात. गालावरील बारीक लव वरून खाली वळलेली असते. शेवटचा हात त्याच दिशेने द्यावा.

दुसरा थर सबंध चेहऱ्यावर देण्याचे कारण नसते. जिथे डाग किंवा लाली उरली असेल, तिथेच टिपावा. पावडर नाकाच्या कडा आणि हनुवटीपुरती ठेवावी. गालांना ती लागत नाही. फाउंडेशन घट्ट वाटल्यास त्यात तेलाचा थेंब घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या मिश्रणात तेल फुटून वेगळे होते, तेव्हा थेंबभर मॉइश्चरायझर मिसळणे अधिक सुरक्षित.

दुपारी पापुद्रा दिसलाच, तर त्यावर पावडर थापू नये आणि तो खुडूही नये. बोटाच्या टोकावर किंचित मॉइश्चरायझर घेऊन काही क्षण दाबून धरल्यास तो बसतो.

छटा निवडताना ती मनगटावर पाहण्याची पद्धत चुकीची आहे. जबड्याच्या कडेला लावून, दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात, दहा मिनिटांनी पाहावी. सुकल्यावर काही मिश्रणे गडद होतात. स्वतःच्या वर्णाहून दोन छटा उजळ बाटली घेण्याचा मोह कोरड्या त्वचेवर विशेष उघडा पडतो, कारण प्रत्येक भेगेतून खालचा रंग दिसू लागतो.

जेव्हा तो कोरडेपणा नसतो

नाकाच्या कडा, भुवया आणि केसांची रेघ येथे दर हिवाळ्यात पिवळसर, तेलकट पापुद्रे येत असतील, तर ते बहुधा कोरडेपणाचे लक्षण नसते. सेबोऱ्हिक डर्मटायटिस या नावाचा हा विकार डोक्यातील कोंड्याचाच भाऊबंद असून त्वचेवरील यीस्टशी निगडित आहे. त्यावर तेल चोळल्यास तो वाढू शकतो. खाज, चिरा, लस येणे ही इसबाची चिन्हे असू शकतात. अशा त्वचेवर फाउंडेशन कधीच नीट बसत नाही. आधी उपचार घ्यावे लागतात. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, सफदरजंग आणि राममनोहर लोहिया या शासकीय रुग्णालयांत त्वचारोगाचे बाह्यरुग्ण विभाग आहेत.

याहून गंभीर बाब म्हणजे गोरेपणासाठी किंवा चेहरा ‘नितळ’ करण्यासाठी सर्रास लावली जाणारी स्टिरॉइडयुक्त मलमे. लग्नाआधी महिनाभर ती लावण्याचा सल्ला मैत्रिणींकडून, क्वचित पार्लरमधूनही मिळतो. सुरुवातीला चेहरा खरोखरच तुकतुकीत दिसतो. नंतर त्वचा पातळ, लाल आणि अतिकोरडी होते आणि मलम थांबवताच जळजळ होऊ लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली आहे. तरीही जुन्या चिठ्ठीवर किंवा ओळखीने ती घेणाऱ्यांनी, विशेषतः विवाहाची तारीख जवळ असल्यास, आपण होऊन बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

फाउंडेशन घेतानाही वेष्टन वाचणे आवश्यक आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची अंतिम मुदत छापलेली असावी लागते. आयात मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांकही हवा. ठोक बाजारात नामांकित कंपनीच्या नावाने निम्म्याहून कमी दरात मिळणाऱ्या बाटलीवर यांपैकी काही नसेल, तर ती परत ठेवावी.

रात्री परतल्यावर, कितीही उशीर झाला तरी, फाउंडेशन साबणाने खरवडू नये. कोल्ड क्रीम किंवा थोडे तेल चेहऱ्यावर मिनिटभर फिरवले की रंग सुटतो. मग ओल्या मऊ कापडाने पुसून, सौम्य क्लेन्झरने धुऊन लगेच मॉइश्चरायझर लावावे. स्पंजही त्याच रात्री धुऊन हवेशीर जागी वाळत टाकावा. दिल्लीच्या धुक्यात तो वाळण्यास दोन दिवस लागू शकतात, म्हणून लागोपाठ कार्यक्रम असल्यास जवळ दोन स्पंज असलेले बरे.