धुक्यातून मुरांब्याची पुरचुंडी

योझिक रोज संध्याकाळी मित्राकडे जातो. मित्र म्हणजे अस्वलाचं पिल्लू. दोघांनी ओंडक्यावर बसायचं, चहाचे घोट घेत चांदण्या मोजायच्या. चांदण्यांची वाटणीही ठरलेली: धुराड्याच्या उजवीकडच्या अस्वलाच्या, डावीकडच्या योझिकच्या. आज तो मित्रासाठी रास्पबेरीचा मुरांबा घेऊन निघालाय, रुमालात गाठ मारून.

युरी नॉर्स्टाइन यांनी १९७५ साली मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओत केलेला ‘धुक्यातला हेजहॉग’ हा जेमतेम साडेदहा मिनिटांचा चित्रपट. गोष्ट सर्गेई कोझलोव यांची, चित्रं नॉर्स्टाइन यांच्या पत्नी फ्रांचेस्का यार्बुसोवा यांची. हेजहॉग म्हणजे आपलं साळिंदर नव्हे बरं का. ते केवढं थोरलं! हा ओंजळीत मावेल. योझिक हे रशियनमधलं त्याचं लाडाचं नाव.

वाटेत तो डबक्यातल्या चांदण्या बघतो, विहिरीत डोकावून हाळी देतो, प्रतिध्वनी ऐकतो. मागून एक घुबड येतं आणि हुबेहूब तेच करतं. त्याला योझिक खायचाय की त्याचा खेळ शिकायचाय, हे कळत नाही. पुढे धुक्यात एक पांढरा घोडा उभा. योझिकला प्रश्न पडतो: हा आडवा झाला, तर धुक्यात गुदमरेल का? एवढंच बघायला तो उतार उतरतो. भित्र्याला आत नेणारी ही चौकशी म्हणजेच योझिक.

आत गेल्यावर त्याला स्वतःचा पंजाही दिसेना. हे धुकं रंगवलेलं नाही. पात्रं म्हणजे कागद-सेल्युलॉइडचे कापलेले तुकडे, काचेच्या थरांवर ठेवून दर चौकटीला किंचित सरकवलेले. त्यावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून तो हळूहळू कॅमेऱ्याकडे उचलला, की खालचं चित्र विरत जातं. म्हणूनच योझिक धुक्यासमोर नाही, धुक्यात आहे असं वाटतं. एक पान पडतं, तर तो दचकतो. काठीनं चाचपताना काहीतरी प्रचंड हाताला लागतं. मान वर करत जावं, तर झाड! आणि मग लक्षात येतं, पुरचुंडी हरवली.

माझ्या मते चित्रपटाचा जीव इथे आहे. धुक्यातून भलामोठा कुत्रा येतो, हुंगून जातो. आपण श्वास रोखलेला. थोड्या वेळानं तोच पुरचुंडी आणून देतो. पुढे योझिक नदीत पडतो आणि वाहत जातो, तेव्हा पाण्यातून ‘कोणीतरी’ अदबीनं विचारपूस करतं आणि त्याला पाठीवर घेऊन काठाला लावतं. कोण ते? शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, दिसते फक्त काळसर पाठ. दुसऱ्या कुणी त्याचा मासा करून चेहरा दाखवला असता, वर दोन विनोदही घातले असते.

२००३ साली टोकियोत देशोदेशींच्या जाणकारांनी केलेल्या निवडीत हा ॲनिमेशनपट पहिला आला. कीव शहरात २००९पासून योझिकचा पुतळा आहे, अर्थातच पुरचुंडीसकट.

शेवटी अस्वल भेटतं आणि त्याची टकळी सुरू होते. रशियन पुस्तकांच्या मराठी अनुवादांवर वाढलेल्यांना त्याच्या बोलण्यातला सामोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं भांडं, ओळखीचा वाटेल. किती हाका मारल्या, सामोवार कधीचा पेटवलाय, तू नसशील तर माझ्याबरोबर चांदण्या कोण मोजणार... योझिक शेजारी बसलाय, डोळे मोठे करून समोर बघतोय. पुन्हा एकत्र आलो, बरं झालं, असं त्याला वाटतं. आणि तो घोडा? तिकडे धुक्यात कसा असेल?