भंडारदऱ्याची पहाट आणि हॉटेलची न्याहारी

भंडारदऱ्याला जाणारा पर्यटक ज्या गोष्टींसाठी एवढा प्रवास करतो, त्यांपैकी बऱ्याचशा सकाळी नऊच्या आत घडून गेलेल्या असतात. जलाशयावरचे धुके उन्हे चढताच विरते. कळसूबाईच्या माथ्यावरील सूर्योदय अर्थातच कोणासाठी थांबत नाही. सांदण दरीत उतरायचे असेल, तर साम्रदहून सकाळी लवकर निघावे लागते. नेमक्या याच वेळी हॉटेलचा मुदपाकखाना मात्र थंड असतो. बहुतेक ठिकाणी ‘ब्रेकफास्ट’ची वेळ साधारणतः आठ ते दहा असते. परिणामी खोलीच्या भाड्यातच ज्याचे पैसे भरलेले आहेत, ती न्याहारी न घेताच अनेक जण पहाटे बाहेर पडतात आणि अकराच्या सुमारास भुकेने कासावीस होऊन परततात, तेव्हा टेबले पुसली गेलेली असतात.

यात हॉटेलचा दोष असतोच असे नाही. आठ ते दहा ही वेळ स्वयंपाकघराच्या सोयीने ठरते. रात्रीचे जेवण उरकून भांडी आवरेपर्यंत मध्यरात्र होते. तेच कर्मचारी सकाळी सहाला पुन्हा कामाला लागतात. शेंडी गाव व धरणाच्या परिसरातील बहुतेक निवासस्थाने लहान आहेत. शहरातील मोठ्या हॉटेलांप्रमाणे तेथे आचाऱ्यांच्या दोन पाळ्या नसतात. दुसरे कारण अन्नाचे. शिजवलेले अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड असावे आणि साध्या हवेत ते दोन तासांहून अधिक ठेवू नये, हा अन्नसुरक्षेतील सर्वमान्य दंडक आहे. शिवाय गरम पाण्यावरच्या झाकणाच्या भांड्यात पोहे दीड तासात कोरडे पडतात आणि उपमा घट्ट होतो. त्यामुळे ‘बुफे’ दोन तासांचा ठेवणे हे आचाऱ्याच्या दृष्टीने शहाणपणाचेच आहे. पाहुण्याच्या दृष्टीने ते गैरसोयीचे ठरते, एवढेच.

आरक्षण करताना दरपत्रकावर ‘ईपी’, ‘सीपी’, ‘एमएपी’ किंवा ‘एपी’ अशी अक्षरे आढळतात. त्यांचा अर्थ विचारण्याचा अनेकांना संकोच वाटतो. ‘ईपी’ म्हणजे केवळ खोली. ‘सीपी’मध्ये खोली व न्याहारी, ‘एमएपी’मध्ये न्याहारी व एक मुख्य जेवण, तर ‘एपी’मध्ये न्याहारीसह दोन्ही जेवणे समाविष्ट असतात. यातील खाचखळगा असा की, समाविष्ट न्याहारी ही ज्या रात्रीचे भाडे भरले त्या रात्रीनंतरच्या सकाळची असते. मुंबईहून पहाटे चारला निघून आठला भंडारदऱ्यात पोहोचलेल्या कुटुंबाला त्या दिवशीच्या न्याहारीवर हक्क सांगता येत नाही. खोलीदेखील बहुधा दुपारी बाराच्या आसपासच मिळते. पैसे देऊन खायला मिळते, पण त्यासाठीही दहाच्या आत पोहोचायला हवे. उलट निघण्याच्या दिवशी न्याहारी हक्काची असते. मात्र काही ठिकाणी खोली सोडण्याची वेळही दहाचीच असल्याने सामान बांधणे आणि पोहे खाणे यांची एकच धांदल उडते.

ज्याला पहाटे निघायचे आहे, त्याने दोन्ही दरांतील फरक पाहावा. न्याहारी वगळून खोली मिळत असेल, तर तीच घ्यावी. मिळत नसेल, तर न्याहारी बांधून द्यावी, अशी मागणी आरक्षणाच्या वेळीच करावी. पर्यटकांची ये-जा अंगवळणी पडलेल्या या परिसरात ती बहुधा मान्य होते. मात्र ‘बांधून देऊ’ याचा अर्थ रात्री दहाला बांधून ठेवू की पहाटे तीनला करून देऊ, हे स्पष्ट विचारलेले बरे. रात्रीच बांधले जाणार असेल, तर ओले खोबरे घातलेली चटणी, बटाट्याची ओली भाजी, ‘सँडविच’मधील काकडी-टोमॅटो हे सारे टाळावे. कोरडी पोळी किंवा ठेपला, शेंगदाण्याची चटणी, गूळ, केळी, दाण्याचा लाडू हे पदार्थ डोंगरावरही टिकतात. उकडलेली अंडी पहाटेच उकडून सालासकट घ्यावीत.

हे सगळे कळसूबाईच्या वाटेवर खऱ्या अर्थाने कसोटीला लागते. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. बारी गावातून माथ्यापर्यंत सर्वसाधारण चालणाऱ्यास सुमारे तीन तास लागतात. मध्ये लोखंडी शिड्या आहेत. जानेवारीत येथे सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे तो माथ्यावरून पाहायचा तर चारच्या आत बारी सोडायला हवी आणि तीनला उठायला हवे. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. तेव्हा सारे वेळापत्रक आणखी तासभर मागे सरकते. आदल्या रात्रीचे जेवण आणि हॉटेलचा पहिला चहा यांत दहा-अकरा तासांचे अंतर पडते व त्यातले तीन तास चढाचे असतात. तरुण गिर्यारोहकांना हे सोसते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचे मात्र तसे नाही. औषध नेहमीच्या वेळी घेतले, खाणे लांबले आणि चढणही झाली, की रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे चढणीच्या दमणुकीत सहज झाकून जातात. औषधाची वेळ व मात्रा डॉक्टरांशी प्रवासापूर्वीच बोलून ठरवावी. साखर किंवा ग्लुकोजची पुडी पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी नव्हे, तर खिशात असावी. केवळ धरण पाहायला आलेल्या ज्येष्ठांनीही नऊच्या ‘बुफे’ची वाट पाहत सहाच्या चहावर तीन तास काढण्याचे कारण नाही. खोलीत चार बिस्किटे आणि एखादे फळ ठेवणे अगदीच सोपे आहे.

हॉटेलबाहेरची न्याहारी हा भंडारदऱ्यातील अधिक चांगला पर्याय आहे, आणि त्याची माहिती शहरातील पर्यटकांस फार कमी असते. कळसूबाईच्या वाटेवर गर्दीच्या दिवसांत स्थानिकांच्या झोपड्यांतून चहा, लिंबू सरबत, कांदाभजी आणि पिठले-भाकरी मिळते. बारी, रतनवाडी, साम्रद, घाटघर या गावांतील अनेक घरे पर्यटकांना जेवू घालतात. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग मुख्यत्वे महादेव कोळी व ठाकर समाजांचा. भात, नागली आणि वरई ही येथील पिके. शहरात जी ‘नाचणी’ आता आरोग्याच्या नावाने पाकिटातून विकली जाते, तिची भाकरी येथे रोजची आहे. तिच्यासोबत ठेचा, पिठले किंवा हुलग्याचे कालवण असते. याच तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती याच पिकांच्या वैविध्यामुळे. उपवास करणाऱ्यांचीही येथे सोय होते, कारण वरई म्हणजेच उपवासाची भगर. नवरात्रात कळसूबाईच्या देवीला आणि श्रावणात रतनवाडीच्या अमृतेश्वराला येणाऱ्या भाविकांना हॉटेलच्या साबुदाण्याच्या खिचडीवरच अवलंबून राहावे लागत नाही.

मात्र गावातील घर म्हणजे उपाहारगृह नव्हे. तेथे ठरलेली वेळ नसते. त्याऐवजी शब्द असतो. माणसे किती, किती वाजता येणार, तिखट किती चालेल, हे आदल्या दिवशी सांगितले, की त्या हिशेबाने पीठ दळलेले असते आणि पहाटे चूल पेटते. जुन्या सरकारी विश्रामगृहांतील खानसामाही असाच रात्री विचारून ठेवी आणि सकाळी तेवढेच रांधी. १९२६ मध्ये विल्सन धरण पूर्ण झाले, त्या काळी डोंगरातल्या मुक्कामाची हीच रीत होती. तिच्यातील उणी बाजू आज गावांना सोसावी लागते. पंधरा जणांची न्याहारी सांगून गट आलाच नाही, किंवा परस्पर दुसऱ्या वाटेने निघून गेला, तर हॉटेलचे काहीच बिघडत नाही, कारण त्याचे पैसे आधीच जमा असतात. गावातील घराचे मात्र पंधरा माणसांचे पीठ, सरपण आणि पहाटेचे श्रम वाया जातात. म्हणून अर्धी रक्कम आगाऊ देणे हा उपकार नसून साधा व्यवहार आहे. बेत बदलला, तर तसे वेळेवर कळवावे. घाटघर-साम्रदच्या बाजूस मोबाईलचे जाळे बेभरवशाचे असते. निरोप द्यायचा तर शेंडी सोडण्यापूर्वी दिलेला बरा.

ऋतूनुसार हे गणित बदलते. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी येणाऱ्यांचा दिवस रात्री असतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील झाडांवर लुकलुकणारे काजवे पाहून मध्यरात्रीनंतर परतणाऱ्यास सकाळी आठला जाग येत नाही आणि दहाची मर्यादा हातची निसटते. अशांनी दहाला उठून न्याहारीसाठी हुज्जत घालण्यापेक्षा लवकर दुपारचे जेवण सांगावे. अभयारण्यात वन विभागाचे रात्रीचे निर्बंध असतात, ते त्या त्या वर्षी पाहून घ्यावेत. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी, विशेषतः १५ ऑगस्टच्या आसपास, अडचण निराळीच. रंधा धबधबा आणि धरणाखालचा ‘अम्ब्रेला फॉल’ पाहायला आलेल्या गर्दीमुळे न्याहारीच्या दालनात नऊला रांग लागते. आठला, दार उघडताच, पोहोचणाऱ्यास गरम पोहे मिळतात. साडेनऊला पोहोचणाऱ्याच्या वाट्याला पुष्कळदा पाव आणि जॅमच उरतो. हिवाळ्यातील आडवारी पाहुणे थोडे असतात, तेव्हा अनेक ठिकाणी ‘बुफे’ मांडलाच जात नाही आणि मागणीनुसार पदार्थ करून दिले जातात. वेळेत सूट मागायची तर याच दिवसांत मागावी.

वाटेवरची सोयही लक्षात घ्यावी. मुंबईहून कसारा घाट चढून आलेल्यांना इगतपुरी-घोटी परिसरात महामार्गावर सकाळी लवकर वडे, मिसळ आणि चहा मिळतो. घोटीला महामार्ग सोडल्यावर मात्र पर्याय झपाट्याने विरळ होतात. पुण्याहून येणाऱ्यांना नारायणगाव आणि संगमनेर ही मोठी गावे लागतात. पुढे अकोले व राजूर. राजूरचे पेढे प्रसिद्ध आहेत, पण ते परतीच्या वाटेवर घ्यावेत. रिकाम्या पोटी घाटवळणांवर पेढे खाणाऱ्यांची पुढील तासाभरात काय अवस्था होते, हे तेथील गाडीचालक चांगले जाणतात.